सापगावच्या शेकडो मेघा

नाही, पण मला सांगा, खोटा फॉर्म भरायला खोटं नाव लागतं ना? मग त्यात सख्ख्या बहिणीचं नाव कशाला घालायचं... सापगावच्या इंद्रजीतनं घातलं. दोन हजार सहा साल, पोरगा ठाण्याच्या कंपनीत वेबसाइटी तपासायच्या कामाला, तुम्हाला सांगतो, हुशारीत काही कमी नव्हतं. साइट होती लग्न जुळवणारी. हातानं किती फॉर्म भरणार? म्हणून त्यानं स्क्रिप्ट लिहिली, म्हणजे फॉर्म कॉम्प्युटरनं भरायचे आणि आपण चहा प्यायचा. युक्त्या तर काय एकेक! पान उघडायला उशीर झाला की स्क्रिप्ट अडखळते, म्हणून तिला ‘पाच सेकंद थांब’ नाही सांगायचं, ‘बटण दिसेपर्यंत थांब’ सांगायचं. तोच ईमेल दुसऱ्यांदा चालत नाही? मागे आकडा जोडायचा, मेघा एक, मेघा दोन... वय, उंची, शिक्षण, आधीचं लग्न, सगळं चिठ्ठ्या काढल्यासारखं कुठलंही उचलायचं. फोन नंबर मनचा दिला की साइट लाल अक्षरांत नाही म्हणायची, तर दिला घरचा, गावही आपलंच. स्क्रिप्ट पास.

आता सरावाची साइट वेगळी असते आणि लोकांची वेगळी. यानं सकाळी काहीतरी बघायला लोकांची उघडली होती, तिथलाच पत्ता स्क्रिप्टमध्ये चिकटवला आणि सगळ्या मेघा उतरल्या थेट लोकांत. तिथंही स्क्रिप्ट पास.

रविवारी दारात मुरबाडची जीप. कुणा लग्नाच्या मुलाचे मामा उतरले ते बोलतच, “फोन लावतो तर सारखा एंगेज, म्हणून आलोच. ती पाच फूट दहा इंचवाली दाखवा.”

इंद्रजीतचे वडील जयराम म्हणाले, “आमची येकच हाय. नि ती येवढी उंच नाय.”

“मग ती डॉक्टर दाखवा. नायतर ती विधवा पन चालंल, आमी जुन्या इचाराचे नाय.”

‘विधवा’ ऐकून आई चंद्राबाई ट्रे घेऊन जागच्या जागीच थांबली. आणि इंद्रजीत? त्याचे कान तापले, तो पडवीत जाऊन भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. मेघाताई, डोळखांबच्या आश्रमशाळेतली बाई, पाहुण्यांना चहा देऊन, वाटेला लावून मगच त्याच्याकडं आली.

“इंदू, काय हे?”

“ताई, ती तू नायस. डाटा हाय तो.”

“नाव माजं, फोन आपला, गाव आपलं. मग मी नाय तर कोन?”

स्क्रिप्ट पास, आणि पोराला मान वर करता येईना.

बरं, तेवढ्यावर भागलं का... मेघाची बोलणी आटगावच्या नागसेनशी चालली होती. त्याच्या आईनं, भिमाबाईनं, निरोप धाडला, तुमची मुलगी इंटरनेटवर घटस्फोटित हाय म्हणे, आता बोलणी नकोत. दोघं भाऊबहीण आटगावला गेली. आणि हा, बटण दिसेपर्यंत थांबायला सांगणारा, पाण्याचा तांब्या यायच्या आधीच सुरू, सर्व्हर म्हणजे असं, स्क्रिप्ट म्हणजे तसं...

भिमाबाई म्हणाली, “बाबा, येवढ्यातली खरी कंची, तेवढं सांग.”

मेघा म्हणाली, “येक पन नाय. माजं वय येकतीस.”

भिमाबाई बोटांवर मोजायला लागली. कारण चंद्राबाईनं सव्वीस सांगितलं होतं, आणि इंद्रजीतला ते ठाऊक होतं. आपल्या पायी ताईला आईचं खोटंही परक्या घरात निस्तरावं लागलं, म्हणून तो चटईच्या काड्या बघत बसला.

तेवढ्यात आतून नागसेन बाहेर आला. “आये, माजं पन सांगून टाक. छत्तीस. ह्यांना तीस सांगितलंय.”

आधी मेघा हसली, मग भिमाबाई. लग्न ठरलं. इंद्रजीतला मात्र हसू फुटेना.

कंपनीनं त्याला साइटवरच्या मेघा हातानं पुसायला बसवलं. हातानं का? तर साइटवर नावावरूनच शोधता यायचं, आणि खोट्या नावाला काही खूण ठेवावी, म्हणजे नंतर झटक्यात पुसता येतं, ही युक्ती त्याला तेव्हा कुठं सुचली. साइटवर दुसऱ्यांच्या खऱ्या मेघाही होत्या, चुकून एखादी पुसली तर तिचं लग्न राहायचं.

पत्रिका छापायची वेळ आली. मजकूर कॉम्प्युटरवर बसवायला घरात दुसरं कोण होतं? पण जयरामनी कागद त्याच्याकडं दिलाच नाही. म्हणाले, “तू खुर्च्या मांड.”

त्यानं मांडल्या. एकेक, हातानं... आणि सगळ्या मोजून बघितल्या.