जहाजावर बाईची जागा

मी केनवडची. माय-बाप दोघंही लोकायच्या वावरात राबत, घर म्हंजे एकच खोली, दाराले गोनपाट. आमच्या लोकायनं धम्म घेतला तवा मी लहान होती, पन बापानं तवाच ठरवलं का हे पोट्टी शिकन, अन् शिकली मी बाप्पा, जवळच्याच मालेगावले शिकली, अकोल्याले बीएस्सी झाली, अन् आनीबानीच्या मांगंपुढं नवकरी लागली ते पार समुद्राकाठी, समुद्राचा अभ्यास करनाऱ्या सरकारी हापिसात.

काम काय सांगू तुमाले, जहाज समुद्रात जाये, बारीक जाळ्यानं पानी गाळे, डोयाले न दिसनारे जीव बाटल्यायत भरून आने, अन् मी ते मायक्रोस्कोपखाली निवडत बसो. पन माया हाती येत ते मेलेले, दवाईत बुडवलेले, रंग उडालेले. मले जित्ते पायाचे होते. सायबाले म्हनलं, मीबी जहाजावर येतो. तं म्हने बाईची सोय नाई, झोपशीन कुठं. म्हनलं, गोनपाटाआड वाढली मी, पडदा मी टांगतो. मंग म्हने, बापाले घेऊन ये, तो हो म्हनन तं पाहू. वाटलं असन त्याले, खेड्यातला मानूस, नाईच म्हनन.

बाप आला. जल्मात पयल्यांदा समुद्र पायला, पन त्याच्याकडं पाठ करून सायबासमोर उभा राह्यला, अन् हळूच बोलला.

सायेब, गावच्या विहिरीवर हिले कोनी उभं राहू देत नोतं. तिथं पानी भराले मी कोनाले पुसलं नाई. अन् समुद्र तं कोनाच्या बापाचा नाई.

गेली मी. पयल्या दिवशी ओकून ओकून आतडे बाहेर आले, खलाशी म्हने हिले काठावर सोडा. म्हनलं, तुमचा डॉक्टरबी बादली धरून बसला, त्याले आंधी सोडा. मंग जाळं वर आलं, थेंबभर पानी मायक्रोस्कोपखाली ठेवलं, अन् काय सांगू, जित्ता जीव, काचेवानी अंग, अन् आत इवलंसं काळीज, धडधड करून राह्यलं. पाहतच राह्यली मी.

त्याच्यानंतर बाया जातच राह्यल्या, पडदा जाऊन खोली झाली. मी रिटायर झाली त्या दिवशी एक नवा सायेब भाषनात म्हने, आमी बायायले संधी देली. उठून म्हनलं, देली नाई, घेतली.

आता मालेगावले राह्यतो. शाळेवाले समुद्रावर बोलाले बलावतात. परवा गेली तं पोट्टे म्होरं बसवलेले, पोट्ट्या मांगं भिताडाले टेकून. म्हनलं, पोट्ट्या म्होरं येत नाई तवरक मी बोलत नाई. हेडमास्तर हसले, त्यायले मजाक वाटली. मी उभीच राह्यली, माइक धरून. मंग सतरंज्या सरकल्या, अन् आल्या पोरी, एकमेकीचा हात धरून, थेट माया पायापाशी येऊन बसल्या. तवा सुरू केलं म्या.