कुंपणातलं बेणं

समारंभाचे अध्यक्ष माननीय जिल्हाप्रमुख, मुख्यालयातून एवढी धूळ खात आमच्या नामकुकु गावी आलेले श्री. म्वाकाजे साहेब, इमामसाहेब, मिशनचे फादर, आज सेवानिवृत्त होणारे आपल्या कसावा संशोधन केंद्राचे डॉक्टर एरास्तो लिहाम्बा, आणि समोर चटयांवर बसलेल्या माझ्या बायांनो,

गावप्रमुख या नात्याने या माइकसमोर मी किती जणांना निरोप दिला, आता आठवतही नाही. केंद्रात साहेब यायचे आणि आम्हाला विचारायचे, "सोमोएबाई, वर्षातले कोणते महिने उपासमारीचे?" आम्ही सांगायचो. ते लिहून घ्यायचे आणि दोनदा हिवताप आला की बदली मागायचे. नवा यायचा, पुन्हा तेच, "बाई, कोणते महिने?" अहो, महिने काय बदलतात? सांगून सांगून जीभ थकली. राहिले ते एकटे डॉक्टर लिहाम्बा. गुडघे गेले, बायको इथल्याच मातीत गेली, तरी राहिले.

त्यांचं कौतुक करायला मला उभं केलंय, तर आधी त्यांच्या खडूसपणाचं करते. ज्या साली कसावा कुजायला लागला, म्हणजे वरून झाड हिरवंगार आणि कंद कापला की आत तपकिरी घाण, त्या साली डॉक्टरांनी दारोदार फिरून प्रत्येकीचं जुनं बेणं जमवलं आणि केंद्राच्या कुंपणात लावलं. आम्हाला नवं वाण दिलं. त्या वाणाने आम्हाला जगवलं, हे मी भर सभेत सांगते. पण कुंपणातली एक काडी त्यांनी बाहेर जाऊ दिली नाही, रोग पसरेल म्हणून. त्यांच्या बायकोने, तुमाइनीबाईंनी, एकदा परसात दोन काड्या खोचल्या, तर या माणसाने त्या उपटून चुलीत घातल्या! पाण्याच्या टाकीवर बाया तिला विचारायच्या, "काय गं, घरात नवरा ठेवलायस की राखणदार?" ती म्हणायची, "नवरा कुठे दिसला तर कळवा."

असो. विषयावर येते.

नवं वाण वर्षाच्या आत काढावं लागतं, नाहीतर त्याचं लाकूड होतं. जुनं मात्र दोन-तीन वर्षं जमिनीत निवांत पडून राहायचं. पाऊस रुसला, काजूचा मोहर गळला, तर तेच उकरायचं, त्याचं पीठ घट्ट शिजवून उगाली करायची आणि पोरांपुढे ठेवायची. ते आमचं कोठार होतं. आम्ही ते शेतातून काढून टाकलं. म्हटलं, केंद्रात आहेच की! आता केंद्राला कुलूप लागतंय, आणि पाऊस पडला की त्या कुंपणात ट्रॅक्टर फिरणार आहे.

मी डॉक्टरांच्या ओट्यावर गेले. म्हटलं, "आमचं बेणं परत द्या."

"मला अधिकार नाही, बाई."

"मग कुणाला आहे?"

"वर विचारावं लागेल."

"वर म्हणजे अल्लाला की मुख्यालयाला?"

"अल्लाचं उत्तर लवकर येईल," ते म्हणाले. हसले नाहीत हो. फार थकलेले दिसले.

म्वाकाजे साहेब, राग मानू नका. अर्ज तुमच्याकडे आलाय. समिती बसायची आहे म्हणे. बसू दे.

दुसऱ्या दिवसापासून डॉक्टर गुडघे धरत कुंपणात शिरायला लागले. एकेका झाडाची खालची पानं उलटून बघायची, पिवळा डाग दिसला की झाड मुळासकट उपटायचं आणि जाळायचं. रोज. मी बाहेरून ओरडले, "अहो, ज्या शेतात नांगर फिरायचाय त्याची साफसफाई कोण करतं?" ते पुढच्या झाडाकडे सरकले. मग गेल्या शुक्रवारी ते कुंपणाच्या राखणदाराला म्हणाले, "तुझ्या भाचीचं लग्न आहे ना? जा, पोटभर पिलाव खाऊन ये." आणि स्वतः मिशनच्या दफनभूमीत तुमाइनीबाईंपाशी जाऊन बसले, ते पार ऊन कलेपर्यंत.

त्यांनी तोंडातून ब्र काढला नाही, साहेब, हे लिहून घ्या. कोयते आमचे होते, बेण्याच्या मोळ्या आमच्या डोक्यावर होत्या. जी काय चोरी आहे ती आम्हा बायांची आहे.

एरवी या भाषणाच्या शेवटी मी नव्या साहेबांचं स्वागत करते. आज स्वागत करायला कुणी नाही. या समारंभांचा मला वीट आला होता, आणि आता हा शेवटचा म्हटल्यावर तो संपूच नये असं वाटतंय. खालचं पान उलटून "हे झाड उपट, मूर्ख बाई" असं खेकसणारं माणूस उद्यापासून गावात नाही. मला भीती वाटते, डॉक्टर. पण तुम्ही जा. तुम्हाला थांबा म्हणायला तोंड नाही माझ्याकडे.

अध्यक्षांनी वेळ दिला, फादरनी माइक दिला, सगळ्यांची मी ऋणी आहे. बोलण्यात अधिकउणं झालं असेल तर पोटात घाला. चोरीची माफी मात्र मी मागणार नाही, म्वाकाजे साहेब. माफी मागितली तर बेणं परत करावं लागेल, आणि ते सगळं मातीत गेलंय.