नानांनी मला उडू दिलं नाही

अक्का, आणि नानांना निरोप द्यायला आज कामंधामं टाकून जमलेली बठ्ठी मंडळी, माझ्याच्यानं बोलवत नाही. तरी उभा राहिलोय. कारण ही गोष्ट इथे फक्त मलाच माहीत आहे.

तुम्ही नानांना धुळ्याचे डॉक्टर म्हणून ओळखलंत. मी त्यांना सियाचीनच्या पायथ्याशी ओळखलं. वर लढाई पेटलेली. मी पारोळ्याचा, हेलिकॉप्टरचा पायलट. ते आम्हा वैमानिकांचे डॉक्टर. आमची तब्येत सांभाळायची, एवढंच त्यांचं काम. एवढंच? ऐका.

त्या सकाळी मी दोनदा वर जाऊन आलो होतो. तेवढ्यात वायरलेसवर निरोप आला. वरच्या चौकीत एका जवानाच्या फुफ्फुसात पाणी झालंय, ताबडतोब खाली आणा. मी निघालो. नाना आडवे आले.

"सरळ रेषेत चालून दाखव."

चाललो. माझ्या मते सरळच चाललो. त्यांनी माझा दंड धरला आणि आपल्या बोलीत हळूच विचारलं, "भाऊ, तुनी पोरनं नाव काय शे?"

मंडळी, माझ्या मुलीचं नाव मला माहीत होतं. तोंडात येईना.

"हा उडणार नाही," नाना म्हणाले.

आमचे साहेब भडकले. "डॉक्टर, वर माणूस मरतोय!"

"माहीत आहे. याला पाठवलं तर हा, याचा सहवैमानिक आणि तो जवान, तिघं मरतील."

मी नानांची कॉलर धरली. त्यांनी सोडवून घेतली नाही. म्हणाले, "धर. पण जाऊ देणार नाही."

आमचे बाकीचे पायलट दुसरीकडे गेलेले, म्हणून खालच्या तळावरून दुसरं हेलिकॉप्टर मागवलं. सगळे आभाळाकडे बघत उभे. अखेर ते जवानाला घेऊन उतरलं. नाना धावत गेले. तो वाटेतच गेला होता.

संध्याकाळी मला उलट्या सुरू झाल्या. समोरच्या एका माणसाची दोन माणसं दिसायला लागली. उंची डोक्यात चढली होती, विरळ हवेनं मेंदूला सूज आली होती. मी वाटेतल्या एखाद्या कड्यावर आदळलोच असतो, यात मला शंका नाही. पण तो जवान? तो वाचला असता का? अलीकडेच नानांना विचारलं. म्हणाले, "ठाऊक नाही रे. मीही स्वतःला तेच विचारतो."

दुसऱ्या सकाळी मी खाटेवर होतो, पण सोबत्यांनी नंतर सांगितलं, मेसमध्ये नानांच्या शेजारी कुणी बसलं नाही. त्यांनी एकट्यानं चहा घेतला. उठले. आणि पुन्हा हेलिकॉप्टरपाशी जाऊन उभे राहिले. पहिल्याच पायलटला म्हणाले, "चालून दाखव." त्यानं तोंड फिरवलं. नाना म्हणाले, "राग धर. पण चाल."

तो चालला. मग सगळेच चालले, बरा झाल्यावर मीही. रोज. आणि आमच्या तुकडीतला प्रत्येक पायलट आपल्या पायांनी घरी परतला.

आता उभे राहू या. शांतपणे. नानांसाठी, आणि त्या जवानासाठीही. त्याला वगळलेलं नानांना खपलं नसतं.