अर्धी हाक

मेकन शहरातल्या रेकॉर्डच्या दुकानात माझ्यापुढे नणंद-भावजय उभ्या होत्या. रेकॉर्ड एक आणि तोंडं दोन, त्यामुळे रांगेतला वेळ काही वाया गेला नाही.

“रोझेटा, हॉइटने हा बँड लावला की तू दार आपटायचीस. आणि आता विकत घेतेस?”

“गाण्यांसाठी नाही गं, नेल्डा. हा कार्यक्रम रेकॉर्ड झाला तेव्हा आम्ही दोघं तिथेच होतो. संथ गाण्याआधी म्हातारा गिटारवाला तारा जुळवतो, सगळे गप्प असतात. तिथे तुझा भाऊ ओरडलाय.”

“आमचा हॉइट? काय ओरडला?”

“‘रोझे’ एवढंच. पुढचं माझ्या तळव्यात राहिलं. जगभर ऐकू जाईल या लाजेनं मी त्याचं तोंडच दाबलं.”

“पण म्हणणार काय होता?”

“विचारलं की म्हणायचा, ‘आधी हात काढ, मग सांगतो.’ मी म्हणायची, ‘राहू दे, शेजारी ऐकतील.’”

“त्याच्याकडे याची कॅसेट होती ना?”

“ट्रकमध्ये. तो गेल्यावर मी ट्रक विकला, तेव्हा टेपमधली कॅसेट काढायचं सुचलंच नाही.”

“या बाई, तुमचा नंबर! उत्तम निवडलीत. ही नव्याने साफ केलेली आहे. लोकांची आरडाओरड पार काढून टाकलीय.”

“सगळी?”

“सगळी. आता टाचणी पडली तरी ऐकू येईल.”

“अहो, त्यातली अर्धी मी तेव्हाच काढली होती. मला उरलेली अर्धी हवी होती.”