अर्ध्यात सोडलेली कादंबरी

तुमी हसाल, पण अभ्यासाची कादंबरी म्या अर्ध्यातच सोडली होती. एरवी भुताखेतांच्या कादंबऱ्या मी हौसेनं वाचते, भीत न्हाई. भोरच्या कॉलेजात तोंडी परीक्षेला मॅडमनी विचारलं, "शेवट काय झाला?"

म्या खरं तेच सांगितलं. "वाचला न्हाई, मॅडम. गोष्टीतली आई आजारी पडली, आन् त्याच आठवड्यात माझ्या आईला दवाखान्यात ठेवलं. पान उलटायची भीती वाटली."

"आता कशी आहे आई?"

"घरी आली."

"मग आज वाचून टाक."

पासलीला घरी जाताना एसटीत पान उलटलं. कादंबरीतली आई त्याच पानावर वारली. म्या घाबरून घरी फोन लावला. रिंग वाजतच राहिली. शेवटी आईनं उचलला.

"का गं, एसटी चुकली व्हय?"