सगळेच बगळे नसतात

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक सून आणि तिचे सासरे बसले होते. सासऱ्यांच्या डोळ्यांवरची पट्टी नुकतीच निघाली होती.

"बाबा, खिडकीबाहेरचं दिसतंय का?"

"दिसतंय की. भिंतीवर कुरव बसलाय."

"बगळा आहे तो."

"बगळ्याची मान लांब असते, सूनबाई. याची बघ, खांद्यातच बसलीये."

"अहो, मग वर्षभर सकाळी किनाऱ्यावर फिरवताना मी तुम्हाला बगळा बगळा म्हणून सांगत होते, ते?"

"बरेचसे कुरवच. आवाजावरून कळायचं."

"आणि मी घायपात म्हणाले, ती?"

"केवडा होता. वास आला होता मला."

"शंख तरी बरोबर होता ना?"

"हातात दिलास तो शिंपला होता."

"मग बोलला का नाहीत?"

"एकदा बोललो होतो. त्यानंतर तुला सकाळची फार कामं निघाली."

"खरंच कामं होती मला."

"असतील."

"हसू नका, डोळ्यांवर ताण येईल. आता काय, तुम्ही एकटे जाल. मला सुट्टी."

"सुट्टी कसली? आता तर खरी शिकवणी. उद्या सहाला तयार राहा."

"साडेसहाला. आणि चुका काढायच्या त्या हळू आवाजात. किनाऱ्यावर ओळखीचे लोक असतात."