भिंगरीची आडवी भिंत

आजच्या सभेचे अध्यक्ष आणि आमच्या तालुक्याचे निवृत्त मुख्याध्यापक माननीय दत्तात्रेय गुरुजी, व्यासपीठावर बसलेले भिंगरी बोटीचे मालक हैबतराव, आजची उत्सवमूर्ती चि. मालू, पहिल्या रांगेत पदर डोक्यावर घेऊन बसलेल्या तिच्या आई चंद्रावतीबाई, खांबहून खास आलेल्या विमलबाई, आणि पेण, रोहा नि खाडीकाठच्या गावांमधून आलेल्या माझ्या बंधूंनो आणि भगिनींनो, या गुणाजी सुताराचा सर्वांना नमस्कार.

मी काही वक्ता नाही. उभं आयुष्य रंधा मारण्यात गेलं. पण गुरुजी म्हणाले, मालू उद्या ओहोटीबरोबर निघते आहे, तिच्याबद्दल चार शब्द तूच बोललं पाहिजेस. गुरुजींचा शब्द शाळेत मोडला नाही, आता कुठे मोडू? मागच्या मंडळींना आवाज येतोय ना? जनू, तो पंखा जरा बारीक कर बाबा.

मालूचा आजा मचव्यातून मीठ न्यायचा, हे पेणच्या खाडीवर सगळ्यांना ठाऊक आहे. पोरीला शीड त्याच्याकडून कळलं. पुढे हैबतराव जहाजावरची नोकरी संपवून रोह्याला परतले, त्यांनी एक जुनी शीडबोट घेतली, तिचं नाव भिंगरी ठेवलं आणि मदतीला मालूला घेतलं. दूर कोचीला शीडबोटी शिकवणारी एक शाळा आहे. तिथे मालूला शिकवण्याचं काम मिळालं. अट एकच, तिथवर तिनं शिडावर यायचं. भिंगरी समुद्रात गेली तर मालूची नोकरी, नाही गेली तर काही नाही. इतकं सरळ होतं.

आणि भिंगरीचं पोट तर कुजलेलं. कोण्या महाभागानं पूर्वी आत साधं प्लायवुड बसवलं होतं, घरातल्या कपाटाला लावतात ते. बोटीत प्लाय म्हणजे शोभा, असं ज्यांना वाटतं त्यांना माझे हात जोडून सांगणं आहे, तसं नसतं. भिंगरीच्या पोटात एक आडवी भिंत आहे. डोलकाठीला दोन्ही बाजूंनी ताणून धरणाऱ्या तारा त्या भिंतीला बांधलेल्या असतात. भिंत कुजली की तारा सुटतात, तारा सुटल्या की डोलकाठी कोसळते. भर समुद्रात कोसळली तर काय, ते मी या शुभप्रसंगी बोलत नाही.

हैबतरावांनी तेव्हाच बजावलं होतं. "गुणाजी, माझं वय झालं. दिवाळीपर्यंत ही पाण्यात गेली नाही तर मी नाद सोडला." कोलाडला हायवेवर हॉटेल चालवणारे आपले पुंडलिकशेठ टपूनच होते. त्यांना भिंगरी हॉटेलसमोर उभी करायची होती, पोटात टेबलं मांडून आणि वर मिसळीचा फलक लावून. शेठ, हसताय काय? खरं तेच सांगतोय. आजचं जेवण तुमच्याकडचं आहे म्हणून मी गप्प बसणार नाही.

तर नव्या भिंतीसाठी प्लाय निवडायला मी आणि मालू पावसाच्या आधीच निघालो. दुकानदारानं प्लायवरचा कंपनीचा छापा दाखवला. मी म्हटलं, छापा मला वाचता येतो, कड दाखव. प्लायचं खरंखोटं कडेला कळतं. मधल्या थरांत फट असेल, भेगा बुजवायला लांबी म्हणजे पुट्टी चोपडली असेल, तर तो ताव बोटीत घ्यायचा नाही. आम्ही प्रत्येक तावाची कड पाहिली, पाठीवर टकटक करून आवाज ऐकला, आणि एक तुकडा मागून घेतला. तो मालूनं घरी चुलीवरच्या पातेल्यात टाकून उकळला, वाळवला, पुन्हा उकळला. चंद्रावतीबाई ओरडल्या, "आंघोळीचं पानी ठिवायचं सोडून लाकडं शिजवतंय गो पोर!" पण थर सुटले नाहीत. माल पक्का निघाला.

आता पुढचं ऐका. ताव ठेवायचे कुठे? पावसाळा तोंडावर. मालूच्या गावानं, जिथे भिंगरी काठावर ओढून ठेवली होती, आपणहून मिठाचं रिकामं कोठार दिलं. उंच जोतं, वर पक्कं छप्पर, दाराला कुलूप. खारेपाटात, या खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यात, त्याहून चांगली जागा कुणाकडे आहे? बायकांनी झाडून सारवून दिलं. आम्ही ताव भिंतीला टेकवून मोठ्या समाधानानं पावसाळा काढला.

पाऊस सरला. मी आडवी भिंत कापली, बसवली, मालूनं तिला लेप दिला. लेप म्हणजे ते दोन डब्यांतलं मिसळून लावतात ते रसायन, लाकडाचं तोंड बंद करणारं. अशी झकास दिसली ती भिंत, की हैबतरावांनी पेढे वाटले. मी स्वतः दोन खाल्ले.

चारसहा दिवसांनी कडेला पांढुरकं धुकं धरलं. मग फोड आले. मालूनं एक फोड नखानं उचकटला तर आत ओल. हवा कोरडी, वर ऊन, आणि भिंत आतून ओली! मालूनं सगळी कड हातानं चाचपली आणि म्हणाली, "काका, ही आपल्याला काढायला लागंल."

मंडळी, मला राग आला. आजही आठवलं की येतो. माझ्या हातचं काम, केसभर फट नाही, आणि ही कालची पोर म्हणते काढा! बोल्टला लावलेल्या पान्यावरून मी तिचा हात झटकला. हैबतराव म्हणाले, "दिवाळी आली गो. वरून रंग दे." ती ताठ उभी राहिली. म्हणाली, "मालक, हाटेलाला द्यायची तर द्या. पन ही भिंत ठिवून मी नाय जानार, आन तुमाला बी जाऊ नाय देनार."

मी तडक एसटी पकडून रोह्याला गेलो. रुसलो म्हणा ना. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं परत आलो, कारण दुसऱ्या कुणी ती भिंत काढली असती तर खाचा खराब करून ठेवल्या असत्या. पाहतो तर मालू एकटीच बोल्ट सोडवत होती आणि तिच्या बोटांना रक्त आलं होतं. मी पटाशी काढली आणि तिच्या शेजारी कामाला बसलो.

ओल कुठून आली ते चंद्रावतीबाईंनी सांगितलं. तोवर त्या बोटीकडे फिरकल्याही नव्हत्या. पोरीनं जाऊ नये, हेच त्यांच्या मनात होतं. पण भिंत काढली हे कळल्यावर चिखल तुडवत आल्या, फळीवर हात फिरवला आणि ते बोट जिभेला लावलं. "आमच्या कोठारानं घात केला गो. रिकामं झालं तरी त्येच्या भिंतीत मीठ हाय. पाऊसभर ह्या लाकडानं मीठ पिलंय. मीठ पानी वढनारच."

आता सांगा, यात कुणाला दोष द्यायचा? ज्यांनी मायेनं जागा दिली त्यांना? रोज मिठात राहणाऱ्याला कोठार म्हणजे घरातली सगळ्यात जपलेली जागा वाटते. तिथे ठेवलेली वस्तू बिघडेल, हे कुणाच्या मनात यावं?

नवे ताव दिवाळीच्या आत मिळत नव्हते. शिल्लक ताव होते, पण तेही त्याच कोठारातले. चंद्रावतीबाई म्हणाल्या, "गोड्या पान्यानं धुवा. पुन्ना पुन्ना धुवा." खारेपाटात गोडं पाणी! जिथे प्यायला टँकरची वाट बघतात, तिथे लाकडं धुवायची? तेव्हा मला खांबच्या विमलबाई आठवल्या. नात्यानं माझ्या मावशी. विहीर तुडुंब, अंगणात वारा. टेंपोत ताव घालून आम्ही गेलो. भातकापणी चालू होती, पडवी भाऱ्यांनी भरलेली. विमलबाईंनी आमच्याकडे पाहिलं आणि गड्यांना सांगितलं, "भारे गोठ्यात न्या. ह्या फळ्यांचं लगीन दिसतंय." आणि पडवी मोकळी करून दिली.

हैबतराव, तुम्ही तिथे आलात. दिवाळी तोंडावर, शेठ निरोपावर निरोप धाडतायत, आणि तुम्ही बाह्या सरसावून विहिरीवर बादल्या ओढत होतात. मी तुम्हाला त्या दिवसापासून मनातून मानलं. इतके दिवस नुसतं तोंडानं मालक म्हणत होतो.

ताव घासले, धुतले, मध्ये लाकडी पट्ट्या घालून सावलीत वाऱ्यावर सुकवले. सुकले की चंद्रावतीबाई कडेला जीभ लावायच्या. आयुष्यभर मिठागरात पाण्याची चव घेतलेली बाई! "खारट हाय." पुन्हा धुणं. "अजून हाय." पुन्हा धुणं. मी रडकुंडीला आलो. आणि एका दुपारी त्यांनी जीभ लावली, दुसरी कड चाखली, तिसरी चाखली, आणि म्हणाल्या, "अळणी हाय. लावा आता."

मी त्यांना विचारलं, "चंद्रावती, तुला तर पोर जायला नको होती ना?"

त्या म्हणाल्या, "नको व्हती. अजून बी नकोय. पन जायाची तर बुडाया नाय जायाची."

मग लेपाचा ब्रश त्यांनीच हातात घेतला. पहिला हात पातळ, लाकडात मुरेल असा. मग कडांना, कारण प्लाय पाणी पितं ते कडेनं. मग भोकांना, प्रत्येक भोक मोठं पाडायचं, लेपानं भरायचं, सुकलं की त्यातूनच बोल्टचं भोक पाडायचं, म्हणजे बोल्ट लाकडाला शिवतच नाही. आणि पाठीमागची बाजू, जी एकदा बसवल्यावर जन्मात कुणी बघणार नाही, तिला त्यांनी समोरच्या बाजूपेक्षा एक हात जास्त दिला. मी म्हटलं, "बाई, ती दिसायची नाय." त्या म्हणाल्या, "मी बी तिथं दिसायची नाय." आणि ब्रश चालू ठेवला.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी भरतीला भिंगरी पाण्यात गेली. पुंडलिकशेठनी कोलाडहून हार पाठवला. मोठ्या मनाचा माणूस, मिसळीचा फलक मात्र त्यांच्याकडे अजून पडून आहे म्हणतात. त्यानंतर आम्ही भिंगरी खाडीच्या मुखापर्यंत नेऊन आणली, शीड ताणलं, तारा करकरल्या, भिंत हलली नाही. आज सकाळी मी पुन्हा प्रत्येक कड पाहून आलो.

मालू, तू निघालीस. गाव तुझ्याबरोबर येत नाही, पण त्या भिंतीत गावाचं बरंच काही आहे. खांबचं पाणी आहे, मालकांचा घाम आहे, आईचा हात आहे. तुला काय उपदेश करू? काम झकास दिसत असतानाही ते काढायचं धैर्य तुझ्यात आहे, तेवढं पुरे. तिथल्या पोरांना शीड शिकवशील, तेव्हा कडाही बघायला शिकव.

अध्यक्षमहाराज, वेळेचं भान राहिलं नाही. विमलबाईंचे, गावातल्या मायबहिणींचे, टेंपोवाल्या काळुरामचे आणि तुम्हा सर्वांचे मी मनापासून आभार मानतो. बोलण्याच्या ओघात कुणाचं नाव राहिलं असेल, मानपान चुकला असेल, शब्द वेडावाकडा गेला असेल, तर अडाणी सुतार म्हणून पोटात घाला. ही माफी भाषणापुरती. भिंतीत माझी चूक निघाली, मालू, तर मात्र मला माफ करू नकोस. जिथे असशील तिथून शीड फिरव, घरी ये, आणि या सगळ्यांच्या देखत मला शिव्या घाल. मी धक्क्यावर उभा असेन.